पंखाच्या टोकावरचा दिवा

विमान इतरांना कसे दिसावे, हा प्रश्न दादाने शेवटपर्यंत लांबणीवर टाकला होता. ते उडावे कसे, वळावे कसे, उतरावे कसे, यावर त्याने कित्येक वर्षे डोके घातले. दिव्यांचा विषय काढला की म्हणायचा, "मगे बघूया."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुंबईत विमानांच्या देखभालीच्या कामात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर तो वहिनीला घेऊन गावी परतला. देवगड आणि मालवण यांच्या मधे किनाऱ्याला लागून आमचे गाव आहे. घरामागे आंब्याच्या पेट्या भरायची शेड होती. कलमे भावकीत वाटली गेल्यावर ती रिकामीच पडून होती. तिथे त्याने सुट्या भागांचा संच मागवला आणि एका माणसापुरते विमान जुळवायला घेतले. मी विजेच्या उपकेंद्रात नोकरीला. अँपिअर आणि व्होल्ट यांच्याशी माझा रोजचा संबंध, म्हणून विमानाचे वायरिंग आणि विजेचा हिशोब आपोआप माझ्याकडे आला. परवानग्या कशा मिळाल्या तो वेगळाच विषय आहे. शेवटी गावावरच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावरून, ठरलेल्या उंचीच्या खाली, फक्त दिवसा आणि चिपीच्या विमानतळाच्या बाजूला न जाता उडायची मुभा मिळाली. त्या कागदात एक अट होती: टक्कर टाळण्यासाठी चमकणारा दिवा पाहिजे.

या दिव्यांचा उपयोग दादानेच मला समजावून दिला होता. पंखांच्या टोकांना डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा असे जे स्थिर दिवे असतात, ते विमान कुठल्या दिशेला चालले आहे ते सांगतात. चमकणारा दिवा एवढेच सांगतो, की इथे कोणीतरी आहे. तो उडवणाऱ्यासाठी नसतो, दुसऱ्यासाठी असतो.

आमच्यापुढे चार पर्याय होते. पहिला दादाच्या जुन्या सहकाऱ्याने दिलेला काचेच्या नळीचा स्ट्रोब. त्याचा झोत चांगला होता, पण नळीला लागणारा उच्च दाब तयार करणारी पेटी धरून वजन एक किलो नऊशे ग्रॅम. शिवाय प्रत्येक चमकेसरशी रेडिओत टकटक ऐकू यायची. दुसरा पंखांच्या टोकांना लावायचा मोठ्या एलईडीचा जोड, सहाशे वीस ग्रॅम. तिसरा तशाच पण लहान एलईडीचा जोड, तीनशे चाळीस ग्रॅम. चौथा म्हणजे शेपटीवरचा एकुलता एक तांबडा दिवा, एकशे दहा ग्रॅम. दादाला चौथा हवा होता. हातातल्या पान्याच्या मुठीला भोके पाडून वजन कमी करणारा माणूस तो. मला दुसरा हवा होता, कारण त्याची तीव्रता सगळ्यात जास्त होती, लहान जोडाच्या दुप्पट.

"माका आपटाक वर आसा कोण?" दादा म्हणाला. "घारी आणि समुद्रगरुड. तेंका नियम वाचूक येत नाय."

"चिपीक उतरणारी विमाना आसत."

"ती माझ्यापासून खंयच्या खंय. आणि तेंनी माका बघूक होया तर तेंच्याकडे यंत्रा आसत. तू उगाच सहाशे ग्रॅम माझ्या डोक्यार घालतंस."

"पंखार घालतंय, डोक्यार नाय."

वहिनी चहा घेऊन शेडच्या दारात उभी होती. विमानाबद्दल ती इतक्या वर्षांत काही बोलली नव्हती. शेडमध्ये आली तर चहा ठेवून निघून जायची. त्या दिवशी मात्र थांबली.

"भावजी, ह्यो दिवो कितक्या लांबसून दिसतलो?"

"कोणाक?" दादाने विचारले.

"माका."

दादा हसला. "तुका कित्याक दिसूक होयो? तू काय विमानातसून येतलंस?"

ती हसली नाही. "मी घरापुढच्या खळ्यात उभी रवान बघतलंय. दिवो दिसत आसलो तर उडा. नसात दिसत, तर माझी काय परवानगी नाय. कागद तुमच्याकडे आसतीत."

ती गेल्यावर दादा बराच वेळ एका बोल्टला पाना लावून बसला, पण फिरवला नाही. वहिनी नको म्हणाली तर विमान शेडमध्येच राहील, हे त्याने मला पूर्वीच सांगून ठेवले होते. तिला दुखवून त्याला काही करायचे नव्हते. दुसरीकडे वेळही थोडा होता. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला होता. डॉक्टरांचा दाखला या हिवाळ्यापुरता होता, पुढच्याची खात्री नव्हती.

"तू तिका सांग, दिसतलो म्हणान," तो म्हणाला. "तुझ्या आकड्यार तिचो विश्वास आसा."

"बघल्याशिवाय मी सांगूचंय नाय."

"अरे, एक शब्द."

"तो शब्द खोटो ठरलो तर तिच्यासमोर तू उभो रवतलंस की मी?"

त्याने पाना खाली ठेवला. वहिनीला हे एवढे का लागले आहे, ते आम्हा दोघांनाही माहीत होते. तिचे माहेर पलीकडच्या वाडीत. तिचे वडील मासेमारीला जात. ती लहान असताना एका संध्याकाळी त्यांची होडी एका मोठ्या ट्रॉलरखाली आली. ट्रॉलरवाल्यांना होडी दिसलीच नाही. आम्हाला एवढेच ठाऊक होते. ती त्याबद्दल कधी बोलत नसे, आणि आम्हीही विचारत नसू.

म्हणून चाचणी घ्यायचे ठरले. माझी अडचण जागेची होती. आमच्याकडे डोंगर, घाटी आणि माडांची दाटी. मधे काही आड न येता चार-पाच किलोमीटरचे सरळ अंतर जमिनीवर कुठेच मिळत नाही. ते फक्त समुद्रावर मिळते. तेव्हा मी चुलतभावाची इंजिनाची होडी मागून घेतली. तिच्यात एक बांबू उभा केला, बांबूला चारही दिवे बांधले आणि खाली बॅटरी ठेवली. दादा आणि वहिनी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, उभे राहणार, मी अंतर वाढवत नेणार आणि फोनवर एकेक दिवा लावत जाणार. आधी उन्हात पाहायचे, मग सूर्य बुडाल्यावर.

उन्हातला निकाल वाईट होता. तांबडा दिवा पाऊण किलोमीटरला संपला. लहान जोड दीडला, नळीचा स्ट्रोब त्याच्या थोडा पुढे. मोठा जोड दोनच्या जवळपास गेला, पण वहिनी म्हणाली, "दिसता आसा वाटता," आणि मी ते ‘दिसत नाही’ असेच धरले. घरापासून सडा तीन किलोमीटर आहे. उत्तर तिथेच मिळाले होते. तरी मी म्हटले, संध्याकाळचेही बघू.

सूर्य गेला तेव्हा मी चार किलोमीटरवर होतो. समुद्र सपाट होता. मोठा जोड लावला. दोन झपझप चमका, मग थोडा अंधार, मग पुन्हा दोन. फोनवर दादा म्हणाला, "लख्ख." मागून वहिनीचा आवाज आला, "दिसता, भावजी. बरो दिसता." तिच्या आवाजात मोकळेपणा होता. मला तेवढ्यापुरते बरे वाटले.

मी काय करतो आहे हे माझ्या तोवर लक्षातच आले नव्हते. आमच्या किनाऱ्यावर एलईडीचे प्रखर दिवे लावून मासळी ओढणाऱ्या मोठ्या बोटींचा तंटा वर्षानुवर्षे चालू आहे. त्या मासेमारीला बंदी आहे, तरी बोटी येतात. दिव्याखाली मासा गोळा होतो आणि लहान होडीवाल्याच्या जाळ्यात काही उरत नाही. अंधार पडता पडता समुद्रात पांढरा झगझगाट दिसला की आमच्याकडचा होडीवाला कोणाला विचारत बसत नाही. आणि मी, याच गावात जन्मलेला माणूस, काळोख पडताना पांढरे एलईडी बांबूला बांधून त्यांच्या मासेमारीच्या जागेत उभा होतो.

तीन होड्या तीन बाजूंनी आल्या. पहिलीतून एकाने माझ्या होडीत उडी मारली आणि बॅटरीची क्लिपच उपटली. दिवा गेला. दुसऱ्याने फोन काढून घेतला.

"कोणाक बोलवतंस रे? मालकाक?"

"अरे, भाऊ आसा माझो. किनाऱ्यार."

"भाऊ किनाऱ्यार आणि तू हयसर एलईडी लावन बसलंस? खंयचो तू?"

मी गाव सांगितले, वाडी सांगितली.

"गावचो आसान ह्या करतंस? मेल्या, जाळा खंय ती दाखव."

"जाळा नाय. ह्यो विमानाचो दिवो."

 कोणीतरी खो खो हसले.

"आणि विमान खंय आसा?"

"घरामागे. आंब्याच्या शेडीत."

"बघा रे, ह्येचा विमान आंब्याच्या शेडीत आसा. आढीत घातल्यान आसात. पिकला काय उडात."

मी जोडातच बसवलेल्या स्थिर दिव्यांचे लाल-हिरवे आवरण दाखवले, डावे-उजवे कसे ते सांगितले. तरणी पोरे ऐकायला तयार नव्हती. मला बंदरावर नेऊन उभे करायचे असे त्यांचे ठरत होते. तिसऱ्या होडीत त्यांचा तांडेल होता, म्हणजे होडीचा प्रमुख. साठी उलटलेला माणूस. 

"किनाऱ्यार आणि कोण आसा?" त्याने विचारले.

"वैनी माझी." तिचे माहेर कुठले आणि ती कोणाची मुलगी ते मी सांगितले. फोन द्या, दिवा एकदम गेल्यावर ती घाबरली असेल, एवढेच मला म्हणायचे होते.

तांडेलाने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला. "तेका फोन दी रे," तो म्हणाला. फोन बंद पडला होता. ओढाताणीत पाण्यात बुडाला असावा. ते पाहून तो माझ्या होडीत आला आणि स्वतः क्लिप लावायला वाकला. त्याला ती कुठे लावायची ते कळेना, तेव्हा मला म्हणाला, "लाव तो दिवो. लावनच जावया. आमी सगळे येतव."

आम्ही चार होड्या मिळून परतलो. पुढे माझी, बांबूवर तो दिवा चमकत. 

वहिनी गुडघाभर पाण्यात उभी होती. दादाने तिचा दंड धरला होता. माझ्या होडीचा तळ वाळूला लागला तसे तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. तांडेल खाली उतरला. "बाय, माझीच चूक," तो म्हणाला. "माका ठावक नव्हता कोणाचो दिवो ता. आमीच विझवलो." वहिनीने मान हलवली आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागली. दादा तिच्या मागून गेला. मी एकेक दिवा सोडवत बसलो. विमानाचे आता संपले, असेच माझ्या मनात होते.

सकाळी ती माझ्या घरी आली. माझी बायको परसात होती. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकली आणि काही विचारायच्या आतच बोलू लागली.

"आमच्या वाडयेत सगळी बायका-पोरा तिन्हीसांजेक पुळणीर बसायची. दिवे मोजूक. प्रत्येक होडीचो कंदील वेगळो. कोणाचो वर, कोणाचो खाली, कोणाच्या काचेक कागद लावललो. बाबांचो सगळ्यात खाली. माका लांबसून कळायचो. त्या दिवशी तो हुतो. मगे मधसून मोठी बोट गेली. ती गेल्यार तो नव्हतो."

ती थांबली. 

"सगळे म्हणाक लागले, वाऱ्यान विझलो आसतलो. कंदील विझायचेच. रोज एखादो विझायचो, मगे होडी काळोखातसून येयची. म्हणान कोण जाऊक नाय. सकाळपर्यंत वाट बघली. सकाळी फळ्ये गावले. काल तुमचो दिवो गेलो तेवा हे म्हणाक लागले, वायर सुटली आसतली, नायतर भावजींनी बंद केलो आसतलो. तीच भाषा."

"वैनी, खरा सांगू? उन्हात तो दिवो सड्यावरसून घरापर्यंत दिसूचो नाय. खंयचोच दिसूचो नाय. काल मी मोजलंय."

"ता माका कळला काल. माका आता दुसरा काय तां सांगा. दिवो आपसूक विझतलो काय?"

"म्हणजे?"

"एंजिन बंद पडला तर?"

एंजिन बंद पडले की वीज तयार होत नाही. मुख्य बॅटरीवर रेडिओ आणि बाकीची यंत्रे असतात, दिवा त्यात किती टिकेल सांगता येत नाही. मी तसे सांगितले. ती म्हणाली, "मगे तेका वेगळी बॅटरी द्या. बाकी कशाक ती लागूची नाय. आणि जमनीर पाय टेकल्याशिवाय तेंनी तो बंद करूचो नाय. मगे दिवो गेलो तर माका कळात, बंद करूक नाय, गेलोच. मी लगेच माणसा पाठवतलंय. वाऱ्यान विझलो म्हणान कोण बसूचो नाय."

"पण दिसाक तू थंयसर होयी. घराकडसून नाय दिसूचो."

"मी सड्यार येतलंय."

त्या दिवसापर्यंत मी चारही दिवे एकाच प्रश्नाने तपासत होतो: किती लांबून दिसेल. आता प्रश्न बदलला होता. मी तिला विचारले, सड्यावरून आजूबाजूच्या घाट्या शोधत जायचे तर माणसांना किती वेळ लागेल. तिने मनात रस्ते फिरून पाहिले आणि म्हणाली, "दोन तास तरी."

मी ते मांडून पाहिले. चारशे ग्रॅमची तीन अँपिअर-अवरची एक बॅटरी बसवता येत होती, त्यातले पावणेतीन खात्रीचे. नळीचा स्ट्रोब सात अँपिअर खायचा, तो अर्ध्या तासाच्या आत संपला असता. मोठा जोड सरासरी चार अँपिअर, म्हणजे चाळीस मिनिटे. लहान जोड एक पूर्णांक तीन, दोन तासांहून थोडा जास्त. तांबडा एकटा सहज सहा तास गेला असता, पण त्याची तीव्रता नियमात बसत नव्हती आणि दिवसा तो सड्याच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसला नसता. लहान जोड नियमाला जेमतेम पुरा पडत होता. मी ज्याच्यासाठी भांडलो तो मोठा जोड डब्यात परत गेला.

दादाला सांगितले तेव्हा त्याने आधी वजनांची बेरीज केली. "तीनशे चाळीस आणि चारशे. सातशे चाळीस. तुझ्या मोठ्या जोडापेक्षा जास्तच झाला की."

"झाला."

"बॅटरी खंय ठेवतलंस?"

"बैठकीच्या मागे. स्विच वेगळो, तेच्यार टोपण. चुकान हात लागूचो नाय."

 संध्याकाळी पाहिले तर तो स्वतः बैठकीमागच्या पत्र्यात भोके पाडत होता. बॅटरीचे वजन भरून काढायला त्याने पाण्याची बाटली आणि दुसरा हेडफोन यादीतून काढून टाकला होता.

उड्डाणाच्या दिवशी आम्ही पहाटे सड्यावर गेलो. थंडीने कातळावरचे गवत ओले होते. वहिनी मळवाटेच्या कडेला एका दगडाजवळ उभी राहिली. तांडेलही आला होता, दोन पोरांना घेऊन. त्याला कोणी बोलावले नव्हते. काही झालेच तर घाट्या ठाऊक असलेली माणसे असावीत, एवढेच तो म्हणाला आणि लांब जाऊन बसला.

दादाने टोपण उघडून दिव्याचा स्विच लावला, मगच एंजिन सुरू केले. विमान धावले, हलके झाले आणि कातळावरून सुटले. सूर्य नुकताच वर येत होता. ते पूर्वेला गेले तेव्हा उजेडात दिवा मुळीच दिसला नाही, फक्त काळी आकृती.  मग ते वळले आणि मागे डोंगराची सावलीतली बाजू आली. तिथे दोन चमका दिसल्या. थोडे थांबून पुन्हा दोन.  दादाने सड्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. प्रत्येक फेरीत दिवा पूर्वेकडे हरवायचा आणि डोंगराकडे परत दिसायचा. तेवढा वेळ मी आकडे आठवत उभा होतो. पावणेतीन भागिले एक पूर्णांक तीन. उत्तर तेच येत होते.

ते उतरले. दोनदा उसळले, मग चाके कातळाला धरून राहिली. एंजिन बंद झाले आणि सड्यावर एकदम शांतता पसरली. दिवा चालूच होता. दादाने आधी डावा पाय बाहेर काढला, मग उजवा. जमिनीवर नीट उभा राहिला आणि हात आत घालून स्विचवर बोट ठेवून वहिनीकडे पाहू लागला.

ती चालत गेली. मी तिच्या मागून.

"बंद करू?" दादाने विचारले.

"थांबा."

ती पंखाच्या टोकापाशी उभी राहिली. जवळून त्या दिव्याकडे बघवत नाही. तिने पदर डोळ्यांवर आडवा धरला आणि तसेच पाहिले. चमका चालू होत्या. तांडेल आणि पोरे लांबच उभी राहिली. मग ती पंखाच्या कडेकडेने चालत दादापाशी आली.

"आता बंद करा," ती म्हणाली.

दिवा गेला तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.